टेसच्या खोलीची खिडकी

३ एप्रिल
आलो एकदाचा ईरी शहरात! किल्ली खिशात, घर नावावर. इतकी वर्षं लोकांची घरं दुरुस्त केली, आता स्वतःचं. लोक घर बघायला गेले की रंग बघत बसतात. मी पाया आणि छप्पर बघतो. ती दोन धड असली की बाकीचं घाम गाळून होतं. चांगल्या गल्लीतलं सगळ्यात वाईट घर घ्यायचं, वरचा मजला भाड्याने द्यायचा आणि आपण तळघरात राहायचं. हप्ता भाडेकरू भरतात! इथला पाया तर असला दणकट आहे की हातोडी मारली तर हातोडीच उसळली.

पण खरं कारण टेस. आठ वर्षांची आहे माझी लेक. मार्लीनशी घटस्फोट झाल्यापासून पोरीला फक्त बर्गरच्या दुकानात भेटतो, तेही शेजारी कोर्टाची बाई बसवून. कोर्ट म्हणतं, मुलीला झोपायची वेगळी खोली दाखवा, मग शनिवार-रविवार तुमचे. आणि नगरपालिकेचा नियम असा की तळघरातल्या खोलीला मोठी खिडकी हवी, आग लागली तर धडधाकट माणूस बाहेर पडेल एवढी. नाहीतर ती झोपायची खोलीच नव्हे. म्हणजे पायाची भिंत फोडायची. त्यात काय एवढं!

११ एप्रिल
फोडली! दिवसभर कटर चालवला, कान अजून गुणगुणताहेत. बाहेर मातीत खड्डा खणला आणि स्वतः खिडकीतून बाहेर येऊन बघितलं. शेजारच्या मिसेस विल्गा कुंपणाशी माझ्यासाठी पिरोगीचं, म्हणजे त्यांच्याकडच्या उकडलेल्या करंज्यांचं, ताट घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, काय रे रेमंड, घराला दार नाही वाटतं? खूप हसलो दोघं. आधीचा मालकही म्हणे दर उन्हाळ्यात इथेच भिंत फोडायचा. दर उन्हाळ्यात कशाला, म्हटलं. त्यांनी खांदे उडवले. मग एके दिवशी तो फ्लोरिडाला निघून गेला म्हणतात. गाडी दारातच ठेवून.

१६ एप्रिल
नगरपालिकेचा तपासनीस ओडेल आला आणि नापास करून गेला. खिडकी लहान आहे म्हणे! मी तावातावाने भांडलो, टेप काढली, लावली आणि परत एकदा लावली. चांगली वीतभर लहान. मी चुकीचं मापलं? मी? ओडेल छद्मी हसत म्हणाला, भिंती काही वाढत नसतात हो. परत कापतो.

१९ एप्रिल
कापली. खिडकीशेजारचा गिलावा खरवडला तर खाली जुन्या कटरच्या खुणा. एकात एक चौकटी, आत आत लहान होत गेलेल्या, आणि सगळ्या काँक्रीटने भरलेल्या. सगळ्यात आतली जेमतेम पंज्याएवढी. तिच्या कडेला नखांचे ओरखडे. ओल्या काँक्रीटमध्ये कुणा पोराने काढले असतील, असं स्वतःला समजावलं. लगेच परत गिलावा मारला.

वरच्या मजल्यावर भाडेकरू जोडपं राहायला आलं. माणसं बरी वाटतात.

२३ एप्रिल
काल खिडकीच्या कडेने खडूची रेघ मारून ठेवली होती. सकाळी रेघ नाही. पुसलेली नाही. भिंत तिच्यावरून पुढे आलीय.

विकून टाकू? पण कोर्टाच्या कागदावर याच घराचा पत्ता आहे. घर गेलं की टेस गेली. पुन्हा ते बर्गरचं दुकान, ती बाई, आणि निघताना टेसचं ते मागे वळून वळून बघणं. नाही जमणार मला. खरंच नाही जमणार.

२६ एप्रिल
ओडेल दुपारी येणार होता. मी सकाळी कापली. पास! पाठीवर थाप मारून गेला.

देवा, काय करून बसलो मी? टेस त्या खोलीत झोपणार नाही. बाहेर माझ्याजवळ, सोफ्यावर झोपेल. खोली फक्त कागदावर.

४ मे, शनिवार, दुपार
टेस आली. दारातच गळ्यात पडली. मी वरच्यांचा गळका नळ बघायला गेलो, पाचच मिनिटं. ते जोडपं बाजारात निघालं आणि मी खाली आलो, तर टेस खेळणी मांडायला त्या खोलीत. मी धावत आत— दार मागे लागलं.

उघडलं. दारापलीकडे काँक्रीट. वरपासून खालपर्यंत, गुळगुळीत.

फोन बाहेर. हातोडी बाहेर. ओरडून घसा बसला. खिशात फक्त ही वही आणि पेन्सिल.

खिडकी— डोळ्यांदेखत—

टेसला ढकललं बाहेर. खांदे अडकले. किंचाळली, तरी ढकललं. कातडं सोललं तिचं. पण बाहेर आहे. पोर बाहेर आहे. मी नाही मावत.

मिसेस विल्गांकडे पळ म्हटलं, जात नाही. आत हात घालून माझी बाही धरलीय. डॅडी, श्वास सोड ना, मग मावशील, म्हणते. दोनदा प्रयत्न केला. तिच्यासाठी.

मार्लीन, हे तुझ्यासाठी. पोरीचा काही दोष नाही. मला सगळं कळलं होतं, तरी आणली तिला. हे घर कुणालाही घेऊ देऊ नकोस. कुणालाही—

पाठीला भिंत लागली.

वही अजून जाईल फटीतून. टेस, ही घे. आणि हात काढ बाहेर. राणी, ऐक ना, सोड बाही. येतो मी मागून, अगदी खरं सांगतो, येतो, तू आधी हात—