पेटीवाल्या बाईचा शेवट

आई, सापडला! पेटीवाल्या बाईचा पिक्चर सापडला, अख्खा, शेवटासकट. आधी एवढं सांगून टाकते आणि मग दम घेते, नाहीतर तू म्हणशील, "आदी पानी पी, मग बोल." तुला जाऊन वीसेक वर्षं झाली, पण तुला काही सांगायचं म्हटलं की मी अजून अशी दारातूनच ओरडत येते. आता मी पंचेचाळिशीची बाई, लोणी देवकरच्या कारखान्यात माल तपासायचं खातं सांभाळते, हाताखालची पोरं मला वचकून असतात. आणि मागल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत फोनवर तो पिक्चर दिसला, तर उघडा डबा तसाच टाकून मी कँटीनमध्ये अशी किंचाळले की वाढपी हातातल्या पळीसकट धावत आला. त्याला वाटलं भाजीत झुरळ निघालं.

तुझ्या सगळ्या कॅसेटी माझ्याकडं आहेत, बरं का. मामानं लग्नाकार्यात व्हिडिओ भाड्यानं द्यायचा धंदा बंद केला आणि तो धोंड्यासारखा जड व्हीसीआर सुप्याहून एस.टी.च्या टपावरनं आपल्या वस्तीवर आला, तो दिवस मला लख्ख आठवतो. दुसऱ्या बायका माहेराहून आलेलं लुगडं दाखवतात, तशी तू तो येईल-जाईल त्याला दाखवत होतीस. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर पिक्चर लागला की तू तो टेपवर उतरवायचीस. पण पिक्चर लागायचा नेमका तुझ्या भाकरीच्या वेळेला. तवा उतरवून तू पळत यायचीस, पिठाच्या बोटानंच लाल बटण दाबायचीस, तोवर सुरुवात आणि नाव दोन्ही निघून गेलेलं. आणि शेवट जवळ आला की लाईट जायची. भारनियमनात आपल्या वस्तीची पाळीच त्या वेळेला. म्हणजे नाव नसलेले आणि शेवट नसलेले पिक्चर! असला संग्रह अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसऱ्या कुणाकडं निघायचा नाही, पैजेवर सांगते. तू त्यांच्यावर टिकल्या चिकटवायचीस. रडायच्या पिक्चरला लाल, हसायच्याला हिरवी, दोन्हीच्याला दोन्ही. त्या टिकल्या अजून आहेत. काहींचा डिंक सुटला होता, मी परत चिकटवल्या.

माझा सगळ्यात लाडका कुठला, विचार. पेटीवालीचा तर आहेच, पण तो बाजूला ठेवला तर सर्कशीतल्या म्हातारीचा. जन्मभर सर्कशीच्या दारात तिकिटं फाडणारी म्हातारी, आत काय चालतं ते तिनं कधी बघितलेलंच नसतं. आणि शेवटी एकदाची ती तंबूचा पडदा उचलते, आत पाऊल टाकते, आणि झप्! अंधार. आम्ही दोघं भावंडं आडवी पडून हातपाय आपटत होतो. दुसऱ्या दिवशी चुलीपुढं तू भाकरी थापता थापता सांगितलंस, "आत ग्येली, समदं बघितलं, आन म्हनली, एवढंच व्हय?" मी इतकी हसले की ठसका लागला. मग तो विहिरीचा. दोन भावांची सामाईक विहीर, पाण्याच्या पाळीवरनं डोकी फुटायची वेळ, त्यात थोरल्याचा बैल विहिरीत पडतो आणि धाकटा दोर बांधून खाली उतरतो. लाईट गेली. तुझा शेवट असा, की बैल सुखरूप वर आला आणि त्यानं दोन्ही भावांना एकेक लाथ घातली. आप्पा तेव्हा चुलत्यांशी पाळीवरनंच बोलत नव्हते. ते भिंतीकडं तोंड करून जेवत होते, पण त्यांचे खांदे हलताना मी बघितले.

तुझं म्हणणं असायचं, लग्नाआधी मोरगावच्या जत्रेत तंबूत तू हे सगळे पिक्चर बघितलेत. आम्ही मान डोलवायचो. एकदाच मी म्हटलं, "आई, ह्या पिक्चरमधी तर नव्या मोटारी हायत, मग तू लग्नाआदी कसा बघितलास?" हातातली उलथनी माझ्या नाकासमोर नाचवत तू काय फटकारलंस! "तुला शेवट पायजे का पुरावा?" शेवटच पाहिजे होता. परत मी कधी विचारलं नाही.

आणि पेटीवाली बाई. डोंगरातलं गाव, हे एवढं घर. नवरा वाईट नाही, मारत नाही, शिव्या देत नाही, पण तिला कधी काही विचारतही नाही. तिला नर्सच्या शिक्षणाचं बोलावणं येतं. घरात चार वर्षांचं पोर. सबंध पिक्चरभर ती बोलतच नाही, नुसती पत्र्याची पेटी भरते आणि रिकामी करते. मग एका पहाटे पेटी उचलून ती रस्त्यावर येते, झाडाखाली पेटीवरच बसते, लांबून बशीचे दिवे दिसतात. ते दिवे मोठे मोठे होत येतात. आणि गेली लाईट! त्या दिवशी मी खरंच रडले गं. सकाळी शाळेआधी माझी वेणी घालताना तू हळूच सांगितलंस, "ग्येली ती. बस आली, चढली, खिडकीशी बसली, आन मागं वळून बघितलं न्हाय." मी विचारलं, रडली का? "रडली की. तिकीट काढंस्तवर."

गंमत म्हणजे आपल्या धाकट्याचं म्हणणं वेगळंच. तो शेंबडा तेव्हा दिवसभर तुझ्या पदराचं टोक धरून फिरायचा, तू शेळ्यांकडं गेलीस तरी मागनं. तो म्हणतो, आईनं मला सांगितलं की बाई परत आली, पोराला कडेवर घेतलं आणि पेटी माळ्यावर टाकून दिली. यावरनं आम्ही किती भांडलो असू! दर दिवाळीला भांडलो, त्याच्या हळदीत भांडलो. तुझ्या दहाव्याला माणसं बसलेली असताना मागच्या पडवीत दबक्या आवाजात भांडलो आणि आप्पा बाहेरनं खेकसले, "गप्प बसा की रं, तिला तरी सुकानं जाऊ द्या." दोघंही तुझी शपथ घालायचो. मला वाटायचं हा खोटारडा आहे, त्याला वाटायचं मी.

त्याला हा नुसता वाद होता, मला नव्हता. मला ती बाई गेलेलीच पाहिजे होती. पुण्याला डिप्लोमाला माझा नंबर लागला तेव्हा आपल्या वस्तीवरनं एकही पोरगी एकटी बाहेर पडली नव्हती. चुलते म्हणाले, उसाच्या रानात काय कमी हाय व्हय. आप्पांनी तर आठवडाभर माझ्याशी बोलणंच टाकलं. तू मात्र इंदापूरच्या बाजारातनं पत्र्याची नवी पेटी आणून माझ्यापुढं ठेवलीस, तोंडातनं अक्षर काढलं नाहीस. मी ओळखलं. जी बाई बशीत चढली, तिच्या जिवावर मी पेटी भरली. आता जर कुणी येऊन म्हणालं असतं की ती चढलीच नाही, तर माझ्या पायाखालची फरशीच काढून घेतल्यासारखं झालं असतं. म्हणून मी इतकी वर्षं भांडत होते.

तर सापडला कसा ते ऐक. बारामतीत एकजण जुन्या कॅसेटी साफ करून संगणकावर घालून देतो. तुझ्या टेपांवर बुरशीचे पांढरे पट्टे आले होते, तरी त्यानं एकेक उघडून पुसून दिल्या. घरी येऊन बघते तर काय, मधल्या जाहिराती संपल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर पिक्चरचं नाव येतं! आपल्या त्या बारक्या टीव्हीवर ते कधी वाचताच आलं नव्हतं. तुला ते नाव सांगत नाही, आपल्याकडं तो पेटीवालीचाच. त्या नावावर फोनमध्ये शोधलं आणि मिळाला. आणि शाबासकी दे मला, शेवट एकटीनं बघितला नाही! बोट शिवशिवत होतं, पण फोन पालथा घातला आणि धाकट्याला लावला. तो दुकानात गिऱ्हाइकाला ठिबकच्या नळ्या मोजून देत होता. "आक्का, हात लावू नगंस, रविवारी येतो," असा ओरडला की गिऱ्हाईक दचकलं म्हणे. पैज लागली. हरेल त्यानं सगळ्यांना मटणाचं जेवण करून घालायचं.

रविवारी बारामतीहून धाकटा बायकापोरांसकट आला, येताना भेळ घेऊन. आप्पांना खुर्चीत बसवलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा केला. आई, काय सांगू, सुरुवात दिसली गं पहिल्यांदा! बाईचं लग्न, तिच्या तोंडावरचं हसू. आपण तिला कधी हसताना बघितलंच नव्हतं. मग पुढचं सगळं पाठ. धाकटा प्रत्येक वाक्य आधीच म्हणत होता, त्याची पोरं "पप्पा गप बसा" म्हणून वैतागली. मग पहाट झाली, झाड आलं, पेटी आली. लांबून दिवे दिसले, मोठे मोठे होत आले, आणि मी, धाकटा आणि आप्पा, तिघांनीही एकदम मान वर करून ट्यूबलाईटकडं बघितलं! पोरं खो-खो हसायला लागली. लाईट गेली नाही. बस थांबली. कंडक्टरनं हात पुढं केला. बाई उठली, त्याच्याकडं बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणून. बस निघून गेली. तिनं पेटी उचलली आणि घराकडं चालायला लागली. दारात पोर, मग गाणं, मग समाप्त.

धाकटा खुर्चीवर चढून नाचला. "जितलो! आक्का, मटान!" मी हसत होते आणि शेवट मागं घेऊन परत लावत होते. तेवढ्यात आप्पांनी काठी आपटली. "ह्ये खोटं हाय," म्हणाले. "शेवट असा न्हाय ह्येचा. नवरा येतो. सायकलीवरनं येतो, आन पेटी त्योच बशीत चढवतो."

मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "आप्पा, तुमाला कुनी सांगितलं?"

"कुनी म्हंजी? तिनं. तू पुन्याला जायच्या आदल्या सांजंला. मी उसाला पानी दिऊन आलो, पाय धूत हुतो. तांब्या हातात दिला आन म्हनली, त्या पिक्चरचा शेवट ठावं हाय का तुमाला?"

आई! अगं आई! दुसऱ्या दिवशी सकाळी आठवडाभर न बोललेला माणूस गपचूप फटफटी घेऊन दारात उभा राहिला, माझी पेटी मागं बांधली, इंदापूरच्या स्टँडवर स्वतः टपावर चढून ती ठेवली आणि खाली उतरून म्हणाला, "पोचल्यावर कळीव." मी इतकी वर्षं समजत होते की त्यांचा राग आपोआप निवळला. एका पिक्चरचे तीन शेवट केलेस तू, बये! आणि तिघांनाही बजावलं असशील की मी स्वतः बघितलाय. मी हसता हसता रडायला लागले. धाकटा खाली उतरून बसला. म्हणाला, "मला तवा झोपच येत नव्हती गं आक्का. वाटायचं, मी झोपलो की आई जाईल." मग डोळे पुसून लगेच, "पर मटान तूच करायचं, शेवट माझाच खरा." मी केलं. रस्सा तुझ्यासारखा नाही झाला, तरी आप्पांनी दोनदा वाढून घेतला.

हे कागद आता कपाटात कॅसेटींच्या मागं पडून राहणार, मला ठाऊक आहे. तुझा पत्ता असता तर लिहीत कशाला बसले असते, सरळ उठून तुझ्याकडंच आले असते. एक गोष्ट मात्र धाकट्याला सांगितली नाही, आप्पांना नाही, तुला सांगते. मी पुण्याच्या बशीत चढले तेव्हा मला वाटत होतं, माझ्याआधी एक बाई अशीच चढून गेलीय आणि तिचं काही वाईट झालेलं नाही. तीही खिडकीशी बसली होती, तीही तिकीट काढेपर्यंतच रडली होती. आता कळलं की तशी कुणी नव्हतीच, पहिली मीच होते. सोमवारी सकाळी कारखान्याची बस आली. रोजची बस, रोजची पायरी. पाय उचलला आणि मला दांडा धरून पायरीवरच उभं राहावं लागलं. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, बरं वाटत न्हाय का?" बरं होतं गं मला. पुण्याला निघताना वाटायची राहून गेलेली भीती तेवढी आत्ता वाटली.