उकळलेलं तीर्थ

ता. पाटण, दि. ६ ऑगस्ट २०२५

चि. शिवांजलीस आईचे अनेक आशीर्वाद.

तू मिरजेहून पाठवलेलं पार्सल २२ जुलैला मिळालं. घडीचे कागदी सूक्ष्मदर्शक पाच, काचपट्ट्या वीस (एक फुटलेली), ड्रॉपर दोन. कुरिअरवाला गावात येत नाही म्हणून पाटणला जाऊन आणलं. बायकांना अर्धं तिकीट, जाऊन-येऊन चोवीस रुपये. ते माझ्याकडून.

तुमच्या कॉलेजच्या मुलांनी ठरवलं होतं तसं २६ तारखेच्या शनिवारी शाळेत नेलं. ज्याने त्याने आपापल्या घरचं पाणी आणायचं होतं. कुणी माठातलं आणलं, कुणी बोअरचं. शेजारच्या चंद्राबाईच्या नातीने मात्र महादेवाच्या कुंडातलं तीर्थ आणलं. तिने डोळा लावला आणि ओरडली, "काकू, देव हलतोय!" सगळी पोरं हसली. मग मी बघितलं. चपलेच्या तळव्यासारखं काहीतरी गरगर फिरत होतं. एक नाही, कितीतरी.

संध्याकाळी अर्जुना गुरव दारात. "वैनी, गाव पिढ्यान्‌पिढ्या पितंय, कवा कोण मेलं का? आत्ताच बरं तुमच्या काचंत किडं दिसायला लागलं!" ते सगळेच जीव वाईट असतात का गं? तू शिकलेली, तुला माहीत.

आता फोनवर सांगितलं नाही ते लिहिते. आजी बरी आहे असं मी म्हणाले, ते खोटं होतं. शाळेच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारपासून तिला जुलाब लागले. पाटणला दोन दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले पाण्यातून असेल, आणखी कशातूनही असेल. आता घरी आहे, पण भिंत धरून चालते.

शिवा, शनिवारी मी बघितलं होतं. रविवारी सकाळी घरी आजीने रोजच्यासारखा कुंडातल्या तीर्थासाठी हात पुढे केला. माझी पळी थांबली. "गप का हुबी? वत की." आणि मी ओतलं. बघून, जाणून ओतलं.

दवाखान्यातून आणल्यापासून मी कुंडातलं पाणी घरी आणून उकळते, निववते, तुळस घालून तिला देते. परवा म्हणाली, "आज तीर्थ लय ग्वाड हाय गं." चंद्राबाईने ते ऐकलं, आता तीही तांब्या घेऊन येते. कुणाला सांगितलेलं नाही. उकळताना नाम घेत बसते, पण झाकण उचलून बघवत नाही. देव त्यात होता तर मी काय केलं? आणि नव्हता, तर चोवीस वर्षं मी कोणाच्या नावाने ओतत होते? हिशेब कुठूनही मांडला तरी जुळत नाही.

अठरा तारखेला शेवटचा श्रावणी सोमवार. आजी देवळात जायचंच म्हणते. तिथे अर्जुना कुंडातलं, न उकळलेलं, तिच्या हातावर ओतणार. तिला थांबवायचं तर त्या रविवारचंही सांगावं लागेल. ती ऐकेल. पण नंतर माझ्या हातून पाणी घेईल का?

फोन करू नकोस, आजी शेजारीच असते आणि तुझा आवाज खणखणीत. तिकीट लावलेलं पाकीट सोबत घातलं आहे. रागाव, पण सांगू की नको तेवढं उलट टपाली कळव. त्या सोमवारच्या आत यायला हवं.

तीर्थ देणारी,
तुझी आई
विजयमाला