टाचेखालचं अंडं

शामशुईपो, हाँगकाँग
१७ नोव्हेंबर १९९१

लाडक्या ताईस,

धाकटीचा गळामिठीसकट नमस्कार. तुझं पत्र मिळालं, भाच्याचा फोटोही. नाक थेट तुझं, बिचारा! इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे कुरकुरतात, पण माजाँगचा डाव मांडला की ते दुखणं कुठे पळतं कोण जाणे. बाबांचं मागाहून सांगते. आधी माझं ऐक.

आमचा ‘पाचूची रात्र’ सिनेमा उन्हाळ्यात धो धो चालला. हिरवा रेशमी झगा, काळा चष्मा, दोन्ही हातांत पिस्तुलं, आणि एवढ्या मारामारीत केसाची एक बट हलत नाही! पोरं नुसती वेडी झाली. अगं, हलेल कशी? तोंड दिसतं तेव्हा हिरॉइन नुसती उभी असते. मारामारीत तिच्या जागी मी; हलायचं काम माझं, आणि माझी दिसते फक्त पाठ. पण काय पाठ दिसते म्हणून सांगू!

आता त्याची कॅसेट आलीय. खालच्या दुकानात भाड्याने घ्यायला नंबर लावावा लागतो. आपल्या मातोश्रींनी काय करावं? शेजारच्या फोंगकाकूंना माजाँगमध्ये मुद्दाम जिंकू दिलं आणि खूश झालेल्या काकूंकडून व्हिडिओचं मशीन आठवडाभरासाठी घरी आणला.

बाबांचा राग तुला ठाऊकच आहे. तुझ्या लग्नाच्या आधी मी त्यांची नाटक कंपनी सोडून सिनेमात गेले, तेव्हा म्हणाले होते, “तारेला लटकून उडायचंय ना? मग लाऊ घराण्याचं नाव खाली ठेवून उड.” तेव्हापासून अबोला. रविवारी मी जेवायला आले की हे पाखराचा पिंजरा उचलून चहाच्या दुकानात. माझ्यामुळे त्या पाखराला बाहेरची हवा मात्र भरपूर मिळाली. मी हसण्यावारी न्यायचे, पण ताई, परत जाताना जिन्यात दर वेळी रडू यायचं.

मंगळवारी आईचा फोन आला, “असशील तशी ये.” धावत गेले, तर बाबा स्टुलावर, नाक टीव्हीला टेकायचं बाकी, हातात रिमोट. पडद्यावर मी! उडी मारून जमिनीला टेकतानाच थांबवलेली.

“सकाळपासून हेच चाललंय,” आई म्हणाली. “मागे, पुढे, मागे, पुढे. फोंगबाईचं मशीन जाळणार हा माणूस.”

बाबांनी मान न वळवता विचारलं, “ही टाच कुणाची?”

आठवतं? कंपनीच्या तालमीत उडी मारून उतरायचं तेव्हा टाच टेकू नये म्हणून बाबा तिच्याखाली अंडं ठेवायचे. तू तर घरभर ऑम्लेट केलं होतंस! माझी टाच अजून तशीच अधांतरी राहते.

“माझी, बाबा.”

“ते कळतंय. आंधळा नाही मी. थेटरात मेलं थांबवून बघता येत नाही.”

“थेटरात?” आईची पळी हवेतच थांबली. “तुम्ही थेटरात कधी गेलात?”

बाबांचे कान लालभडक. “रविवारी.”

“पाखराला घेऊन?”

“पिंजरा दारावरच्या माणसाकडे ठेवायचो,” बाबा पुटपुटले. मग माझ्यावर खेकसले, “ते राहू दे. शेवटी ती बाई छपरावरून पडून मरते. पडलं कोण?”

“मीच.”

“लाल पाकीट मिळालं?”

आमच्या धंद्यात जो पडद्यावर मरतो त्याला शूटिंग संपताच लाल पाकीट देतात, मरणाचा अपशकुन धुऊन जावा म्हणून. मी सांगितलं, “हिरॉइनला दिलं. मरते तीच ना.”

“पडलीस तू आणि पाकीट तिला?” बाबा ताडकन उठले. “उन्हाळ्यापासून माझी पोर मेलेली फिरतेय, आणि कुणाला पत्ता नाही!”

माझी पोर म्हणाले, ताई.

आतून लाल पाकीट आणलं, शाई आणि कुंचला आणला. मग म्हणाले, “शेवटच्या नावांत तुला तीनदा शोधलं. नाही सापडलीस.”

“आहे की. ‘आ-पिंग’, नुसतं हाक मारायचं नाव. आडनाव तुम्हीच खाली ठेवायला सांगितलं होतं.”

आई उगाच सूप ढवळत बसली. बाबांनी कुंचला उचलला, पाकिटावर माझं पूर्ण नाव लिहिलं, ठसठशीत, आणि दोन्ही हातांनी मला दिलं. “पुढच्या सिनेमात हे बघून लिहायला सांग. आणि दुसऱ्या उडीत खांदा ढिला पडतोय. रविवारी ये, दाखवतो.”

मी सूप पिता पिता ढसाढसा रडले. आई म्हणाली, “आधीच मीठ जास्त झालंय, त्यात आणखी घालू नकोस.”

सोबत विकत घेतलेली कॅसेट पाठवतेय. जावईबापूंना रिमोट देऊ नकोस, तूच थांबवून टाच बघ. आज रविवार. बाबांनी पिंजरा खुंटीलाच ठेवलाय, आणि मघापासून हाका मारतायत. खाली चौकात अंडं मांडून बसलेत.

आता रीतसर जिवंत झालेली, तुझी धाकटी,

लाऊ यिन-पिंग