खुशबूची गेट ड्युटी

आंधळगाव, बुधवार

आदरणीय व्याही लक्ष्मणराव यांना यादोरावचा सप्रेम जयभीम. निर्मलाबाईंचे गुडघे कसे आहेत? तेल लावणं चालू ठेवा म्हणावं. तुमची तब्येत चांगलीच असेल, कारण परवा अंकुशले फोनवर तुम्ही जे सुनावलं, ते पोराच्या सांगण्यावरून चांगल्या दमाचं होतं. इकडे सगळे खुशाल आहेत (मी सोडून, ते पुढे येईलच).

फोन करायचा सोडून हा माणूस पत्र कायले लिहून राहिला, असं तुम्हाले वाटेल. तीस वर्षं गावात पोस्टमन होतो म्हणून हौस आली असं समजू नका. माझा मोबाइल जमा आहे. दाराजवळ स्टुलावर तुमची-माझी नात खुशबू बसली आहे, वय साडेचार, गळ्यात तुम्ही दिलेली शिट्टी. आत येणाऱ्यानं मोबाइल तिच्या टोपलीत टाकायचा, हात वर करायचे, खिसे उलटे करून दाखवायचे. तुम्ही बत्तीस वर्षांपासून फॅक्टरीच्या गेटवर दरबान आहात, ते आम्हाले माहीत होतं. पण पंधरा दिवसांच्या पाहुणपणात ती दरबानी पोरीच्या अंगात एवढी भिनेल, असं वाटलं नव्हतं.

सकाळी सातले ती तोंडानंच भोंगा वाजवते. कोंबड्या दचकतात, मग मी उठतो. शेजारच्या गोदावरीबाई विरजण मागायले आल्या, तर पास नाही म्हणून दारातूनच परत. आमची मंगलाबाई चुलीवर वरण ठेवून अंगणात कोंबड्यांना दाणे टाकायले गेली आणि स्वतःच्याच घरात तिले परत घेतलं नाही. पास म्हणजे तुटक्या कॅलेंडरचा एक तुकडा, तो ती आत विसरली होती. तो आणायले आत जायचं तर पास पाहिजे. हा घोळ मिटेपर्यंत वरण करपलं. आम्ही ते मुकाट्यानं खाल्लं, कारण तक्रार करावी तर साहेब तीच.

आता तुमच्या तक्रारीकडे येतो. तुमच्या क्वार्टरवर साहेबांच्या बाई चहाले आल्या असताना खुशबूनं त्यांच्यासमोर तंबाखू मळायची नक्कल केली, वर ‘घ्या मॅडम’ म्हणून पुढेही केली. तुमची मान खाली गेली, ते मी समजू शकतो. त्यावर तुम्ही अंकुशले म्हणालात की आंधळगावच्या घरातलं वातावरण लेकरासाठी चांगलं नाही (वातावरण हा शब्द चार वेळा आला म्हणे), म्हणून जूनपासून तिले तुमच्याजवळ जवाहरनगरलेच ठेवावं, तिथंच शाळेत घालावं. अंकुश आणि प्रतिक्षा दोघंही नागपुरात दिवसभर नोकरीवर, म्हणून पोरगी आजवर आमच्याजवळ. आता रविवारी ते दोघं इकडे येऊन ठरवणार आहेत. हे ऐकल्यापासून माझं कशात मन लागत नाही.

मी खर्रा खातो, लक्ष्मणराव. लपवून काय फायदा, माझे दातच सांगतात. पानठेल्यावरून सुपारी-तंबाखू-चुना आणायचा, ओट्यावर बसून प्लास्टिकच्या पन्नीत घोटत राहायचं, हे पंचवीस वर्षांचं काम. पोरगी बाजूले बसायची. मले वाटायचं कोंबड्या पाहून राहिली. एक दिवस तिनं दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात पोहे आणि साखर घेतली आणि मांडीवर घोटायले लागली, डोकंही माझ्यासारखंच डोलवत. मी पोट धरून हसलो. येणाऱ्या-जाणाऱ्याले बोलावून तिले पुन्हा करायले लावलं. ते माझं चुकलं. मोठं माणूस हसलं की लेकराले ती शाबासकी वाटते, हे मले साठीनंतर समजलं, याची लाज वाटते.

पण तुमच्याकडून परत आल्यावर पहिल्याच झडतीत तिनं माझी पुडी काढली. फॅक्टरीत हे नेता येत नाही, म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी ती टोपीत लपवली, सापडली. मोज्यात लपवली, सापडली (मे महिन्यात मोजे घातले तिथंच तिले संशय आला). छत्रीत लपवली, तर तिनं छत्री उघडून झटकली. पंचवीस वर्षं मंगलाबाई ओरडली, डॉक्टरानं भिंतीवरचे तोंडाच्या कॅन्सरचे फोटो दाखवले, काही झालं नाही. आज बारा दिवस झाले, खर्रा तोंडात नाही. जीव नुसता चिडचिड करते, पण बारा दिवस झाले.

तेव्हा तुमचं वातावरण चांगलंच आहे, हे मी मान्य करतो. रविवारी तुम्ही जे म्हणाल ते मले मंजूर. मी एका शब्दानं आडवा येणार नाही.

आपला,
यादोराव

ता. क. साहेबांच्या बाईंसमोर काय झालं, ते निर्मलाबाईंनी प्रतिक्षाले रंगवून सांगितलं आणि प्रतिक्षानं मले. डाव्या तळहातावर घेतलं, उजव्या अंगठ्यानं मळलं, दोन थापा मारल्या, फुंकर घातली, चिमूट ओठाकडे नेली. लक्ष्मणराव, मी पन्नीत घोटणारा माणूस. तळहातावर मळणारं आमच्या घरात कोणी नाही. खुशबूले विचारलं, तर म्हणते नाना (म्हणजे तुम्ही) ड्युटीवरून आले की न्हाणीच्या मागं उभे राहून खातात, डबी पाण्याच्या मीटरमागं असते. मी कोणाजवळ बोललो नाही. मंगलाबाईजवळही नाही, अजून तरी.

पुन्हा ता. क. म्हणून रविवारी पोरं विचारतील तेव्हा, आणखी एक वर्ष आंधळगावलेच राहू द्या, असं तुम्हीच म्हणा. तिच्या भल्यासाठी म्हणा पाहिजे तर. खरं म्हणजे माझ्यासाठी. ती तिकडे गेली की दुसऱ्याच दिवशी मी ठेल्यावर दिसेन, आणि घर खायले उठेल ते वेगळंच.

शेवटचं. तुम्हीही या रविवारी, आठ दिवस राहायले. डबी तिकडेच ठेवा. हे पाकीटसुद्धा ती बाहेर सोडत नव्हती. आत नानाचा पास आहे म्हटलं, तेव्हा हळदीचा अंगठा उमटवून मंजुरी दिली. तो खाली आहे. कागद जपून आणा, नाहीतर दारातूनच परत जावं लागेल आणि माझं काही चालणार नाही.