मागच्या पेटीतली ऐरण

अहो,

गाडी कुठे गेली म्हणून शोधत बसू नका, मीच नेली आहे. पुलापर्यंत चालवून पाहते आणि परत येते.

तुम्ही आपल्या मोटरहोमला, या चाकांवरच्या घराला, नवे शॉकॲब्सॉर्बर बसवलेत, झुलू नये म्हणून जाड स्टॅबिलायझर बार लावलात, टायरमधली हवा पुन्हा पुन्हा कमी-जास्त केलीत. तरी काल शेजारून ट्रक गेला आणि गाडी दारुड्यासारखी झुलली. वर मलाच म्हणालात, "तुझा हात हलतो." रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

सकाळी भाऊजींना बोलावून मागची पेटी उघडली, तर आत तुमच्या कारखान्याची ऐरण. तीही मागच्या चाकांच्या मागे! शेपटाला एवढे ओझे बांधल्यावर पुढची चाके रस्ता धरतील कशी? घाम पुसत भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादा सहलीला निघालाय की बिऱ्हाड हलवतोय?" तेच मी तुम्हाला विचारते आहे. कारखाना बंद झाल्यापासून सहलीहून परत कधी यायचे हा विषय काढला, की तुम्ही पाना घेऊन गाडीखाली शिरता.

ऐरण व्हरांड्यात ठेवली आहे. गाडीत तिच्यासाठी योग्य जागा एकच, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, माझ्या बाकाखाली. तिथे सध्या माझे शिवणयंत्र आहे. आपण परत येणार असू, तर ते मी आनंदाने घरी ठेवीन. येणार नसू, तर ते मला सोबत हवे, आणि मग ऐरणीला जागा उरत नाही.

मी येईपर्यंत ठरवून ठेवा. आज गाडीखाली शिरता येणार नाही.