सूर्याला ढकलणारा राक्षस

जळगाव, २४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. नानामामांस,
चारुलताचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईलवर काही लिहिलं की तुम्ही नुसता अंगठा दाखवता, म्हणून पोस्टाचं पाकीट आणलं. यंदा शाळेच्या गॅदरिंगचा नाच माझ्या गळ्यात पडत होता. मुख्याध्यापकांना म्हटलं, नाच दुसऱ्या कुणाला द्या, मी मुलांना घेऊन मूकपट करते. शंभर वर्षांपूर्वीचे असले चित्रपट मी सध्या रोज बघते आहे. धुरातून राक्षस निघतो, मुंडकं उडत जातं, हाराचा साप होतो. दोरी चक्क दिसते हो, तरी मी बघतच राहते. हल्लीच्या सिनेमात डोंगर उलटला तरी मला जांभई येते. आपल्याला फसवायला कुणीतरी इतकी मेहनत घेतली, याचंच मला अप्रूप वाटतं.

तुम्ही स्टुडिओत एकाच गिऱ्हाइकाला स्वतःशीच पत्ते खेळताना फोटोत दाखवायचात. तेव्हा माणूस गुप्त कसा करायचा ते कळवा. आणि २८ डिसेंबरला मामीला घेऊन बघायला या. अमळनेरच्या लग्नापासून तुम्ही घराबाहेर पडत नाही, असं मामी म्हणाली. तिला रागावू नका, मीच खोदून विचारलं.

माया आहेच, ती आटू देऊ नये.
तुमची भाची, चारुलता

धुळे, ३० नोव्हेंबर २०२४

चि. चारुलता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

चित्रकलेच्या बाई सिनेमावाल्या झाल्या, वाचून मौज वाटली. माणूस गुप्त करणं सोपं आहे. कॅमेरा घट्ट रोवायचा. सगळ्यांचे पुतळे करायचे. कॅमेरा थांबवायचा, राक्षसाला बाहेर हाकलायचं आणि पुन्हा सुरू करायचा. प्रत्येकाच्या पायांभोवती चुन्याच्या खुणा कर, पोरं म्हणजे पारा. माझे वडील लहानपणी सोनगीरच्या तंबूत असला चित्रपट बघून आले आणि आठवडाभर घरच्या मांजरीवर पाळत ठेवून होते, ती गुप्त होईल म्हणून.

येण्याचं मात्र नाव काढू नकोस. अमळनेरच्या लग्नात व्याही मला त्यांचा भाऊ गेल्याचं सांगत होते. मला अक्षर ऐकू आलं नाही आणि मी सवयीने हसून मान डोलावली. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. कानात घालायचं यंत्र आणलं, तर त्यात माणसांऐवजी पंखाच ऐकू येतो. मी आता चार लोकांत बसायच्या लायकीचा राहिलो नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. पत्र टाकत जा, वाट पाहतो.
सुकदेव

जळगाव, १० डिसेंबर २०२४

ती. स्व. नानामामांस शि. सा. न. वि. वि.

मामा, घोळ झाला. रविवारी लोटनभाऊंच्या केळीच्या बागेत चित्रीकरण ठेवलं. आमचे शिपाई रतिलालभाऊ राक्षस, सहावीतली सुलक्षणा राजकन्या. सकाळी साडेदहाला सगळे पुतळे झाले, मी कॅमेरा थांबवला, रतिलालभाऊ बाजूला झाले. तेवढ्यात लोटनभाऊंनी हाक दिली की भरीत तयार आहे, गरम आहे तोवर बसा. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, गरम पुऱ्या. नाही कसं म्हणणार? कॅमेरा तसाच रोवलेला होता, खुणा जागच्या जागी होत्या, म्हणून मीही निवांत जेवले. उठायला अडीच वाजले. मुलं आपापल्या खुणांवर उभी राहिली आणि राक्षस गुप्त झाला.

घरी येऊन बघते तर राक्षसाबरोबर सगळ्यांच्या सावल्या डावीकडून उजवीकडे उडी मारतात. दुसऱ्या दिवशी घड कापून ट्रकमध्ये भरले, बाग ओळखू येत नाही. पुन्हा काढता येणार नाही. काय करू?

मुख्याध्यापकांना मागे दणदणीत संगीत हवं आहे. मी साफ नाही म्हटलं, मूकपट तो मूकपटच. ते रुसले आहेत. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची राखली आहे. मामा, तुम्ही घरात असे मिटून बसलात की मला रडू येतं, हे स्पष्टच लिहिते.

कृपादृष्टी राहू द्यावी.
चारुलता

धुळे, १४ डिसेंबर २०२४

चि. चारुलता हिस अ. उ. आ.

भरितापुढे कला हरली, खानदेशची अब्रू राखलीस. मी इतका हसलो की तुझी मामी स्वयंपाकघरातून बघायला आली. पुन्हा काढू-बिढू काही नकोस. राक्षस गुप्त झाला की मध्ये अक्षरांची पाटी घाल: 'राक्षस पळाला आणि जाता जाता सूर्यालाही ढकलून गेला.' मग सावल्यांना मारू देत उडी. आपली चूक झाकता येत नसेल तर ती राक्षसाच्या माथी मारावी.

खुर्ची दुसऱ्या कुणाला दे. मी येणार नाही.

राग धरू नकोस, लोभ धर.
सुकदेव

धुळे, ३० डिसेंबर २०२४

चि. चारुलता हिस अ. उ. आ.

गॅदरिंगच्या गर्दीत तुझ्याशी धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो. निघायच्या दिवशी तुझ्या मामीने नवी साडी नेसली आणि वहीवर लिहून माझ्यापुढे धरलं, 'पोर बलाई राह्यनी, चला.' पोर बोलावते आहे म्हटल्यावर मी पिशव्या उचलल्या. पारोळ्याला बस थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं मनात आलं होतं, पण खिडकीकडे मी होतो, वाटेत मामी बसली होती आणि पिशव्या माझ्या मांडीवर होत्या.

खरं सांगू? हल्ली मी लोकांची तोंडं बघून हसतो. सगळे हसले की काहीतरी गमतीचं झालं असं समजून मीही हसतो, नेहमी सगळ्यांच्या मागून. परवा अंधार झाला, रतिलालभाऊ शिंगं सावरत आले, सुलक्षणाने डोळे मोठे केले. राक्षस गेला, पाटी आली. मी खो खो हसलो आणि सवयीने वळून लोकांकडे पाहिलं. ते अजून पाटीच वाचत होते. मग सावल्यांनी उडी मारली आणि एकेक करून सगळं सभागृह हसायला लागलं. या वेळी लोक माझ्या मागून हसले, चारू.

उद्या सकाळच्या बसने अमळनेरला जातो आहे, व्याह्यांकडे. सोबत वही नेतो. त्यांना म्हणेन, भावाचं सांगत होता ते इथे लिहा, मी बसतो.

सर्वांना आशीर्वाद. अशीच हट्टी राहा.
तुझा नानामामा