चार वेटोळ्यांची वाटणी

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
प्रायोगिक फायबर दूरध्वनी केंद्र,
भिवंडी.

विषय : कोडच्या प्रतीक्षायादीतील पहिल्या क्रमांकावरून अर्जदाराचे नाव खाली सरकवण्याबाबत.

संदर्भ : आपले अभिनंदनाचे पत्र, दि. ३ ऑक्टोबर २००६.

महोदय,

१. अर्जदार केसरीनाथ हिरामण भोईर, राहणार कोन, सादर करतो की, केबलच्या चरासाठी शेताची पट्टी दिल्याबद्दल आपल्या केंद्राने अर्जदाराच्या आई श्रीमती जानकीबाई यांच्या नावे फोन दिला. बसवताना साहेबांनी समजावले होते, की साऱ्या गावाचे बोलणे एकाच फायबरमधून एकाच वेळी जाते, पण प्रत्येक घराला चार ठोक्यांचा वेगळा कोड असतो. घरच्या पेटीत काचेच्या तंतूची कमीजास्त लांबीची चार वेटोळी असतात. आपल्या कोडचे चारही ठोके त्यांतून फिरून एका क्षणी एकत्र पोचले, तरच पेटी आवाज सोडते. बाकीच्यांचे बोलणे ती खरखर समजून टाकून देते. हळदीच्या मांडवात सगळे एकदम बोलतात आणि ज्याला त्याला आपलेच भांडण ऐकू येते, तशातलेच हे असल्याने गावाला लगेच पटले.

२. पुढे अर्जदार व धाकटा भाऊ मनोज यांची वाटणी झाली. घराच्या मधोमध भिंत आली. पंच चिंधू पाटील हे अत्यंत न्यायी गृहस्थ. त्यांनी भांडी वाटली, कोंबड्या वाटल्या आणि शेवटी पेटी उघडून वेटोळी हाताने मोजली. सर्वांत लांब व सर्वांत आखूड अर्जदारास, मधली दोन मनोजला. बेरीज बोटभरही चुकली नाही. मनोजने बिस्किटाच्या डब्याची पेटी केली. उभय पक्षांनी समाधान व्यक्त केले. त्या दिवसापासून भिंतीच्या दोन्ही बाजूंचे फोन मुके झाले.

३. आई कोणा एकाकडे न राहता खारबावला आमची बहीण तुळजा हिच्याकडे गेली. आता ती अंथरुणाला खिळली आहे. अर्जदार भेटीस गेला असता, "एकटा आलास? दोघं या, मंग बोलीन," असे म्हणून तिने भिंतीकडे तोंड केले. मनोज गेला तेव्हा, तुळजा सांगते, दुसऱ्या भिंतीकडे केले. फोन मात्र ती तुळजाच्या घरून रोज सांच्याला करते, कारण फोन घराला लागतो, कोणा एकाला नाही.

४. तक्रारीवरून आपले लाइनमन राकेश येऊन गेले. दोन वेटोळ्यांत दोनच ठोके जमतात आणि पेटी चार मागते, असे निदान झाले. अर्जदाराच्या आग्रहावरून त्यांनी पेटीला दोनावर समाधान मानायला लावले. तेव्हापासून पेटीतून सारे गाव बोलते. ठमाबाईंचा गुडघा, कोणाच्या लूमवर कोणी शिफ्ट बुडवली, याबाबत अर्जदार अद्ययावत आहे. आईही त्यातच कुठेतरी आहे. एकदा तिचा खोकला ओळखू आला. चौकशीअंती तो चिंधू पाटलांच्या म्हशीचा निघाला.

५. वेटोळी पुन्हा जोडण्यास आपल्या नियमाप्रमाणे दोन्ही हिस्सेदारांच्या सह्या लागतात. मनोजचे भिंतीपलीकडून उत्तर आले : "वाटनी झाली ती झाली. आज पेटी जोरली, उद्या चूल जोराल!" त्यावर अर्जदारही काही बोलला, ते शब्द अर्जासोबत जोडलेले नाहीत. नवा कोड मागितला असता, एकमेकांत न मिसळणारे सर्व कोड वाटून संपले असून एखादा ग्राहक मयत झाल्यावरच कोड मोकळा होईल, असे आपण कळवले व अर्जदारास यादीत घेतले.

६. संदर्भीय पत्रात आपण अभिनंदन केले आहे, की अर्जदार यादीत पहिला असून, ग्राहकांचे वय व प्रकृती पाहता एक कोड लवकरच मोकळा होईल. त्या ग्राहकाचे नावही दिले आहे. ते श्रीमती जानकीबाई हिरामण भोईर असे आहे.

७. म्हणजे चारही वेटोळ्यांची अखंड पेटी अर्जदारास ज्या दिवशी मिळेल, त्या दिवसापासून त्या कोडवर बोलणारे कोणी नसेल. तरी अर्जदाराचे नाव यादीत सर्वांत खाली टाकावे. दुसरे नाव मनोजचे आहे, असे राकेशकडून कळते. त्याचेही खाली टाकावे. त्याला विचारलेले नाही.

आपल्या यादीतील क्रमांक एकचा नम्र,
केसरीनाथ हिरामण भोईर
कोन, दि. ९ ऑक्टोबर २००६

सोबत : वेटोळी दोन (सर्वांत लांब व सर्वांत आखूड). मधली दोन कोणी आणून दिल्यास कृपया सही न विचारता जोडून घ्यावीत.